झोपा आणि बारीक व्हा?

इंजिनिअरिंगला आलं की दोन गोष्टी हमखास होतात. झोप कमी होते आणि पोट पुढे येतं! फर्स्ट इयरच्या आय-कार्डवरचा फोटो आणि आजचा चेहरा शेजारी-शेजारी ठेवून बघा, पटेल. दोष आपण मेसच्या तेलकट भाजीला देतो, नाहीतर टपरीवरच्या वडापावला. झोपेवर मात्र कोणी संशय घेत नाही. उलट ‘जास्त झोपशील तर जाड होशील’ हे ऐकतच आपण मोठे झालो. मी या विषयावर वाचायला लागलो तेव्हा कळलं, की प्रकरण बरंचसं उलटं आहे.

निमित्त झालं माझ्या रूम पार्टनरचं. सैन्यदलाच्या मेडिकलसाठी त्याला वजन उतरवायचं होतं. संध्याकाळी ग्राउंडला चकरा, रात्री दोनच पोळ्या, भात बंद. सगळं शिस्तीत. फक्त सबमिशनमुळे झोप जेमतेम पाच तास. महिनाभरात काटा खाली आला, पण पुल-अप्स आठवरून पाचवर! आता बघा, उचलायचं वजन कमी झालं तर काम सोपं व्हायला हवं ना? मग गडबड कुठे झाली?

आधी भुकेचं बघू. आपलं शरीर ही एक क्लोज्ड लूप कंट्रोल सिस्टीम आहे. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं, ते मेंदूला सांगतं ‘साठा पुरेसा आहे’. जठरातून घ्रेलिन निघतं, ते सांगतं ‘भूक लागली’. २००४ साली शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. सगळे साधारण आपल्याच वयाचे. त्यांना एकदा दोन रात्री चार-चार तास आणि एकदा दोन रात्री दहा-दहा तास अंथरुणात राहू दिलं. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त भरलं! ओढ वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. म्हणजे सेन्सरच चुकीचं रीडिंग देतोय, मग कंट्रोलर बिचारा काय करणार? रात्री दोन वाजता आपल्याला काकडी आठवत नाही, मॅगीच आठवते, त्याचं कारण हे.

तुम्ही म्हणाल, जागं राहिलं तर कॅलरी जास्त जळतील की! जळतात, नाही असं नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१३ सालच्या प्रयोगात पाच तास झोपणाऱ्यांचा खर्च सुमारे ५ टक्क्यांनी वाढला. पण खाणं त्याहून जास्त वाढलं, तेही मुख्यतः रात्रीच्या जेवणानंतर. पाच दिवसांत वजन सुमारे ८०० ग्रॅमने वाढलं.

आता पुल-अप्सचं कोडं. २०१० साली शिकागोलाच दहा जाड व्यक्तींना दोन आठवडे मोजून-मापून कमी खायला दिलं. एका खेपेस अंथरुणात साडेआठ तास, दुसऱ्या खेपेस साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, साधारण तीन किलो. पण कशातून? पुरेशा झोपेत १.४ किलो चरबी गेली, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो! उरलेली घट स्नायू वगैरे चरबीविरहित भागातली. काटा एकच आकडा दाखवतो, त्यातलं ब्रेकअप दाखवत नाही. माझ्या पार्टनरची चरबी मी काही मोजलेली नाही, आणि हा प्रयोगही दहाच जणांवरचा. पण ताकद घटण्याचं हे एक कारण मला पटण्यासारखं वाटलं.

बरं, झोप वाढवली तर? २०२२ साली ८० जाड तरुण-तरुणींवर हे करून पाहिलं. सगळे साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणारे. ज्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली, त्यांचं रोजचं खाणं दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २७० कॅलरींनी कमी झालं. डाएट करायला कोणी सांगितलं नव्हतं, बरं का! म्हणजे रोजचा जवळपास एक वडापाव आपोआप वाचला.

पण म्हणून नुसतं लोळून कोणी बारीक होत नाही. खाणं आणि व्यायाम सांभाळावाच लागतो; झोप त्या मेहनतीचा एफिशिअन्सी फॅक्टर आहे. आणि आठवडाभर जागून रविवारी दुपारपर्यंत ताणून दिली की हिशोब मिटतो, हाही भ्रम. २०१९ सालच्या प्रयोगात अशी भरपाई करणाऱ्यांचंही वजन वाढलंच.

मग करायचं काय? उठायची वेळ एकच ठेवा, सुट्टीलाही. शेवटचा चहा संध्याकाळी पाचच्या आत; चहा-कॉफीतलं निम्मं कॅफीन उतरायलाच साधारण पाच तास लागतात. मोबाईल उशाशी नको, टेबलावर ठेवा. आणि जर्नल त्या-त्या आठवड्यात पूर्ण करा (हे सगळ्यात अवघड, मान्य!). पी.एल.मध्ये नाईट मारावीच लागली, तर निदान त्या काळात कडक डाएट सुरू करू नका. उपाशीही राहाल, जागेही राहाल, आणि जाईल ते नेमकं जे टिकायला हवं होतं तेच.