पोकरचे आकडे: समोरच्याचे नंतर, आधी स्वतःचे

आज पोकर. टेक्सास होल्डेमचे नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. २०२५ च्या कायद्यानं भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा फरकही त्यात ठेवलेला नाही. त्यामुळे आजचं सगळं फुकटच्या चिप्सवर सराव करणाऱ्यांसाठी.

मुख्य आकडे दोनच. पहिला व्हीपीआयपी: १०० डावांपैकी किती डावांत तुम्ही फ्लॉपच्या आधी स्वतःहून चिप्स टाकल्या? ब्लाइंड सक्तीचा, तो धरायचा नाही. बिग ब्लाइंडवर नुसतं चेक केलं, तर तेही नाही. दुसरा पीएफआर: किती डावांत फ्लॉपआधी रेज केलं. रेज केलं म्हणजे चिप्स टाकल्याच, त्यामुळे पीएफआर कधीच व्हीपीआयपीच्या वर जात नाही. खरी गंमत दोघांमधल्या अंतरात आहे.

सहा जणांच्या टेबलावर चांगल्या खेळाडूचे आकडे साधारण २४ आणि १९ च्या आसपास असतात. समजा तुमचे ४५ आणि ८ आले. म्हणजे तुम्ही जवळपास निम्मे डाव खेळताय आणि बहुतेक वेळा नुसतं कॉल करताय. रेज केलं तर बाकीचे फोल्ड करून डाव तिथेच तुमचा होऊ शकतो, नुसत्या कॉलनं तसं होत नाही. वर हातात एक्का-सत्ती, राजा-छक्की असले पत्ते. एक्क्याची जोडी लागते, समोर एक्का-राणी निघते, आणि किकरवर सगळा पॉट जातो.

आता सॅम्पल साइज. ऑफिसात माझी निम्मी भांडणं यावरूनच होतात! २० डावांत कोणी ५ खेळला की स्क्रीनवर २५ टक्के दिसतं. पण इतक्या कमी डावांवर त्याचा खरा आकडा १० ते ४५ मधला काहीही असू शकतो. १०० डावांनंतर तो १७ ते ३४ मध्ये येतो, १००० नंतर २२ ते २८. म्हणून कोणाच्या नावाशेजारी टक्के दिसले की आधी किती डावांचे ते बघा.

जिंकण्या-हरण्याचा आकडा तर याहून लबाड. १०० डावांमागे ९० बिग ब्लाइंड इतका चढउतार या खेळात नॉर्मल आहे. तेवढा धरून गणित केलं, तर १०,००० डावांनंतरही नशिबाचा वाटा १०० डावांमागे १८ ब्लाइंड वर किंवा खाली असू शकतो. एवढ्यात ‘आपण प्रो झालो’ म्हणणाऱ्याला मी तरी हसतो.

फुकटच्या टेबलावर लोक कशावरही ऑल-इन जातात, तिथले समोरच्याचे आकडे फारसे कामाचे नाहीत. स्वतःचे मात्र आहेत. सॉफ्टवेअर नको, फोनवरची शीट पुरते: डाव नंबर, बसायची जागा, चिप्स टाकल्या का, रेज केलं का. निदान ६०० डाव लिहा, म्हणजे सहा जागांवर प्रत्येकी १०० येतील. मग बटणावरचा व्हीपीआयपी आणि सगळ्यात आधी बोलायच्या जागेवरचा शेजारी ठेवून बघा. बटणावर फ्लॉपनंतर तुमची पाळी शेवटी येते, सगळ्यांनी काय केलं ते दिसतं, म्हणून तिथला आकडा बराच मोठा हवा. दोन्ही सारखे आले, तर आधी बोलायच्या जागेवरचे डाव कमी करायला घ्या.