दार उघडायला नाव कशाला?

कुठल्याही संकेतस्थळावर गेलं, की हल्ली आधी एक पाटी पुढे येते: 'गूगलद्वारे आत या', 'फेसबुकद्वारे आत या'. सोय मोठी आहे, नवा पासवर्ड डायरीत लिहून ठेवायला नको. पण आपण कोणत्या दारात, किती वाजता उभे होतो, हे त्या मधल्या कंपनीला कळतं. पाककृती पाहायची असेल तर कळेना का! पण आजाराच्या सल्ल्याचं, वधूवरसूचनेचं, थकलेल्या कर्जाचंही दार असतं.

बँकेत मी खातेवह्या पाहण्यात उमेदीची वर्षं घालवली. एखाद्या खात्याचं पान चाळलं, की त्या घरात दुखणं आहे की लग्न निघालंय, हे न विचारता समजे. पैसे कुठे गेले, एवढंच तर तिथे लिहिलेलं असे! म्हणून तर आमच्याकडून रुजू होतानाच गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही घेत.

मधल्या माणसाला न कळवता ओळख पटवता येईल का? फायरफॉक्स काढणाऱ्या मोझिलाने २०११ मध्ये तसा प्रयत्न केला. 'पर्सोना' हे त्याचं पुढचं नाव. रचना अशी, की ई-मेल देणारी कंपनी आपल्या ब्राउझरला दाखला देई आणि ब्राउझर तो संकेतस्थळाला दाखवी. दाखला कुठे दाखवला, हे देणाऱ्याला कळायचं कारण नव्हतं. कल्पना सुरेख, पण फारशा संकेतस्थळांनी ती घेतली नाही आणि २०१६ च्या नोव्हेंबरअखेर ती बंद झाली. २०१९ मध्ये ॲपलने खरा ई-मेल झाकून बदली पत्ता देण्याची सोय आणली. मधला माणूस मात्र राहिलाच.

आता 'पासकी' आली आहे. २०२२ मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून तिचा पुरस्कार केला. बँकेत नमुना सहीचं कार्ड असे. ते ज्याच्या हाती लागलं, त्याला सही गिरवता येई. पासवर्डचंही थोडंफार तसंच. पासकीत संकेतस्थळाकडे फक्त पडताळणीची किल्ली असते, सही करणारी किल्ली आपल्याकडे. संकेतस्थळ दर वेळी नवा आकडा पाठवतं, फोन त्यावर सही करून परत देतो. बोटाचा ठसा फोनबाहेर जात नाही. शिवाय प्रत्येक दाराची किल्ली वेगळी, त्यामुळे दोन दुकानदारांना किल्ल्या जुळवून गिऱ्हाईक एकच आहे, हे ताडता येत नाही. (आपणच दोघांना एक मोबाइल नंबर दिला, तर गोष्ट निराळी.)

मला धास्ती वाटते ती घरातली. ही किल्ली बहुधा फोनच्या कुलपानेच उघडते, आणि आपल्याकडे सुनेच्या फोनचा आकडा नवऱ्यापासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ! पासकी करण्याआधी तिने तो आकडा बदलावा, आणि घरच्यांनी तो मागू नये.