दुधाचा दात : जागेचा राखणदार

‘दुधाचेच दात ते, पडणारच आहेत, त्यांच्यासाठी दवाखाना कशाला?’ हे वाक्य अनेक घरांतून ऐकू येते. काही वर्षांनी त्याच घरातील मुलगी हसताना तोंडावर हात ठेवू लागते, आणि आईवडील चिंतेत पडतात. या दोन गोष्टींचा संबंध मात्र क्वचितच ध्यानात येतो.

बालकाला २० दुधाचे दात असतात. घास चावणे एवढेच त्यांचे कार्य नव्हे. खाली घडत असलेल्या कायमच्या दातासाठी ते जागा राखून ठेवतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. दुधाच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत टिकणे आवश्यक असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने अनेक पालक तिलाही दुधाचीच समजतात. कीड लागून पुढची दुधाची दाढ अकाली काढावी लागली, तर ही मागची दाढ पुढे सरकते. मग नव्या दाताला वाट उरत नाही आणि तो वाकडा येतो. अशा वेळी दंतवैद्य ‘स्पेस मेंटेनर’ नावाची छोटी कडी बसवून ती जागा राखू शकतात.

वाकड्या दातांचे कारण पुष्कळदा आनुवंशिक असते. त्याचा दोष कोणाला देऊ नये. दीर्घकाळ अंगठा चोखणे आणि तोंडाने श्वास घेणे हीही कारणे आहेत. मूल तोंड उघडे ठेवून झोपत असेल, तर नाक-घशाच्या डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा. रागावल्याने सवय सुटत नाही. मायेने व धीराने सुटते.

सातव्या वर्षापर्यंत एकदा दातांची ठेवण तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी. याचा अर्थ लगेच तारा लावाव्यात असा नाही. अनेक मुलांवर केवळ लक्ष ठेवणे पुरते. जबड्याची वाढ चालू असताना काही दोष सुलभतेने सुधारतात, म्हणून वेळ महत्त्वाची. तारांचे उपचार बहुधा दीड-दोन वर्षे चालतात. तारा निघाल्यावर ‘रिटेनर’ वापरला नाही, तर दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकतात.

उपचारकाळात साधारण दर महिन्याला जावे लागते. म्हणून दवाखाना शक्यतो जवळचा असावा. दंतवैद्याची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे आहे का, आणि ऑर्थोडॉन्टिक्स विषयातील एम.डी.एस. पदवी आहे का, हे पाहावे. एकूण खर्च किती, त्यात रिटेनर धरला आहे का, दात काढावे लागतील का, हे आरंभीच विचारावे. त्यात संकोच नसावा. खर्च झेपत नसेल, तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय हे पर्याय आहेत. तेथे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कमी दरात उपचार होतात. प्रतीक्षेची मात्र तयारी हवी.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या कुटुंबांत सायंकाळच्या जेवणानंतर दात घासण्याचा नियम सहज जोडता येतो. त्याच वेळी आठवड्यातून एकदा उजेडात मुलाच्या दाढा पाहाव्यात. काळा ठिपका दिसला, तर दात पडण्याची वाट पाहू नये.