गोळी सुरू करताना, गोळी सोडताना

कुंभकोणमहून मयिलादुतुरैच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर तिरुविडैमरुदूर येते. तिथले महालिंगस्वामींचे देऊळ मराठी माणसाला अगदी परके नाही. त्या क्षेत्राचे दुसरे नाव मध्यार्जुन, आणि तंजावरची गादी सुटल्यावर राजे अमरसिंह तिथेच येऊन राहिले होते. ब्रह्महत्येने पछाडलेला वरगुण पांड्य पूर्वेच्या दाराने देवळात शिरला, मागे लागलेली ब्रह्महत्या दाराशीच खोळंबली आणि राजा दुसऱ्या दाराने निघून गेला, अशी तिथली कथा आहे. भाविक आजही आल्या वाटेने परतत नाहीत. मनाचा तोल गेलेल्या माणसाला या देवळात घेऊन येण्याची रीतही जुनी आहे. फरक एवढाच की आता त्या माणसाच्या पिशवीत अंगाऱ्याच्या पुडीशेजारी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांची स्ट्रिपही असू शकते.

देऊळ की डॉक्टर, या वादात शिरण्याआधी तमिळनाडूतच झालेल्या एका अभ्यासाकडे पाहावे. बंगळुरूच्या आर. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो प्रसिद्ध केला. मुथुस्वामींच्या मंदिरात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांची त्यांनी तपासणी केली. ही माणसे सरासरी सहा आठवडे तिथे राहिली, झाडलोट करत, झाडांना पाणी घालत. औषध दिले गेले नाही, तरी लक्षणांच्या मोजपट्टीवर जवळजवळ २० टक्के उतार दिसला. या रुग्णांना नैराश्य नव्हते, स्किझोफ्रेनियासारखे अधिक गंभीर आजार होते आणि संख्याही लहान होती. त्यामुळे देवळाने नैराश्य बरे होते, असा अर्थ यातून निघत नाही. संशोधकांनी श्रेय दिले ते आधार देणाऱ्या, धाक नसलेल्या वातावरणाला. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते: आजारी माणूस दिवसभर कुणाच्या तरी नजरेसमोर होता. काल झोप लागली का, आज जेवला का, हे सांगू शकणारे कुणीतरी जवळ होते. गोळीच्या उपचारात नेमके हेच राहून जाते. पाच मिनिटांत चिठ्ठी लिहिली जाते, दुकानातून स्ट्रिप मिळते आणि पुढे महिनाभर कुणी काही विचारत नाही. नैराश्यावरच्या औषधांचे बहुतेक गंभीर धोके तीन वेळांना डोके वर काढतात: औषध सुरू होताना किंवा डोस बदलताना, त्यात दुसरे औषध मिसळताना आणि औषध बंद करताना. या तीनही वेळी पाहणारे कुणी असेल तर धोका बहुधा वेळेत हाती लागतो.

आधी सुरुवातीचे पाहू. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही आज सर्वाधिक लिहिली जाणारी औषधे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काही तासांतच काम करू लागतात, पण मन उजळायला दोन ते चार, कधी सहा आठवडे जातात. मधल्या काळात मळमळ, डोकेदुखी, झोपेचा बिघाड असे त्रास होतात आणि बहुतेकांचे आपोआप ओसरतात. काळजीची गोष्ट वेगळी आहे. काही जणांना या दिवसांत आतून अशी बेचैनी येते की एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात, येरझारा थांबत नाहीत, क्षुल्लक कारणावरून संताप येतो. निराशा अजून तशीच आहे आणि अंगात मात्र हालचालीचे बळ आले आहे, अशी ही अवस्था. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००४ मध्ये काळ्या चौकटीतला इशारा दिला, तो मुले आणि किशोरवयीनांतल्या याच काळाबद्दल. एकूण २४ चाचण्या आणि ४,४०० हून अधिक मुले यांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांत दिसले, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २ टक्क्यांत. त्या चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला नव्हता. पुढे २००७ मध्ये हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला गेला. त्याहून मोठ्या वयात धोका वाढलेला दिसला नाही, आणि ६५ च्या पुढे तर तो घटलेला दिसला. म्हणजे कॉलेजातल्या मुलाला आणि त्याच्या आजीला एकच गोळी दिली तरी पहिल्या महिन्यात दोघांकडे पाहण्याची रीत वेगळी हवी.

आणखी एक खूण घरच्यांना हमखास चकवते. आठवड्यापूर्वी अंथरुणातून न उठणारा मुलगा अचानक रात्र रात्र जागतो, तरी थकत नाही. भराभर बोलतो, उधळेपणाने खर्च करतो, मोठमोठे बेत आखतो. औषध लागू पडले म्हणून घरात आनंद होतो. पण ज्याचे नैराश्य मुळात द्विध्रुवी आजाराचा, म्हणजे उदासी आणि उन्माद यांच्यात हेलकावणाऱ्या आजाराचा भाग असते, त्याला ही गोळी एकटीच दिली तर उन्मादाकडे ढकलू शकते. बरे वाटणे हळूहळू येते आणि त्याबरोबर झोपही सुधारते. झोप उडवून आलेला उत्साह दिसला की डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. घराण्यात कुणाला असा आजार होता का, हेही पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

दुसरा धोका मिसळण्याचा. त्याचा इतिहास सांगायला हवा, कारण तो क्षयरोगापासून सुरू होतो आणि आपल्या देशात आज पुन्हा तिथेच येऊन पोहोचला आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ साली क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले गेले आणि त्यांची मनःस्थिती आश्चर्यकारकरीत्या उल्हसित झाली. त्यातूनच नैराश्यावरच्या औषधांच्या पहिल्या पिढीतला एक गट जन्माला आला. या गटाचे घातक रूप मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्येच दिसले. लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी त्याच गटातले फेनेल्झिन घेत होती. ताप आणि थरथर घेऊन ती रुग्णालयात आली, तिथे तिला पेथिडिन हे वेदनाशामक दिले गेले आणि काही तासांतच ती दगावली. तिच्या मृत्यूसाठी सर्वाधिक बोट याच मिश्रणाकडे दाखवले जाते. अशी औषधे एकत्र येऊन सेरोटोनिनचा अतिरेक झाला की हातपाय थरथरतात, स्नायू आपोआप उडतात, घाम, जुलाब आणि ताप सुरू होतो, छाती धडधडते, माणूस गोंधळतो किंवा बरळू लागतो. नवे औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत, बहुधा दिवसभरातच, हे घडते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टी गाठावी आणि घरातल्या साऱ्या गोळ्या, खोकल्याच्या बाटलीसकट, बरोबर न्याव्यात.

खोकल्याची बाटली मुद्दाम लिहिली. अनेक कफ सिरपमध्ये असणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि वेदनाशामक ट्रॅमाडॉल ही दोन्ही सेरोटोनिन वाढवतात, आणि घरात त्यांना कुणी मेंदूचे औषध समजत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर आज दिले जाणारे लिनेझोलिड तर त्या इप्रोनियाझिडप्रमाणेच शरीरातल्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला अडवते. क्षय आणि नैराश्य एकाच माणसात असणे मुळीच दुर्मीळ नाही. क्षयाचे कार्ड एका दवाखान्यात आणि मनाच्या औषधाची चिठ्ठी दुसऱ्या, अशी आपली व्यवस्था आहे, आणि दोन्ही कागद एका टेबलावर आणणारा माणूस बहुतेक वेळा रुग्णाचा नातेवाईकच असतो.

वयस्करांसाठी आणखी काही. ही औषधे रक्त गोठवणाऱ्या पेशींमधले सेरोटोनिन कमी करतात, त्यामुळे गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, अथवा हृदयासाठी अॅस्पिरिन घेणाऱ्याला जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी, डांबरासारखी शौच ही त्याची खूण. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले सोडियम घसरू शकते. आजोबा अचानक गोंधळले, तोल जाऊन पडले, तर वय झाले म्हणून सोडून न देता सोडियम तपासावे, साधी रक्ततपासणी आहे. सिटालोप्राम हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युतक्रमावर परिणाम करते म्हणून ६० वर्षांपुढे दिवसाला २० मिलिग्रॅमची मर्यादा अमेरिकेत घातली गेली आहे. चक्कर, बेशुद्धी किंवा ठोके चुकल्याची जाणीव झाली तर ईसीजी काढून घ्यावा. अॅमिट्रिप्टिलिनसारखी जुन्या पिढीची औषधे जास्त मात्रेत हृदयाला फार घातक ठरतात. ज्याच्या मनात मरणाचे विचार आहेत त्याच्या घरी ती थोडीथोडीच आणावीत आणि कुणी तरी सांभाळून ठेवावीत.

आता बंद करण्याविषयी. तिरुविडैमरुदूरच्या भाविकासारखेच इथेही आल्या दाराने परत फिरता येत नाही: एका दिवसात सुरू झालेली गोळी एका दिवसात थांबवता येत नाही. बरे वाटू लागले, स्ट्रिप संपली, गावाला जायचे होते, लग्न ठरले आणि सासरी कळू नये असे वाटले, अशा कारणांनी ती अचानक सुटते. मग दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, विचित्र स्वप्ने, चिडचिड, रडू. लॅन्सेट सायकियाट्रीत २०२४ साली आलेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार औषध सोडण्यामुळेच होणारा असा त्रास सुमारे सहा-सातांपैकी एकाला होतो आणि तीव्र त्रास सुमारे ३५ पैकी एकाला. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन सोडताना तो अधिक होतो, शरीरात दीर्घकाळ टिकणारे फ्लुओक्सेटिन सोडताना कमी. घरचे म्हणतात आजार उलटला, किंवा या गोळ्यांची सवयच लागली. आजार उलटायला बहुधा आठवडे लागतात. सोडल्याचा त्रास दिवसांत येतो आणि गोळी पुन्हा सुरू केली की लवकर शमतो. डोस अर्धा केल्याने परिणाम अर्धा होत नाही, हेही लक्षात ठेवावे. थोडासा डोसही मेंदूतली बरीचशी जागा व्यापून असतो, म्हणून शेवटचे टप्पे सर्वांत सावकाश उतरायचे असतात. आपल्याकडे तर एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास विकले जाते. ती गोळी सोडणारा नकळत दोन औषधे सोडतो आणि त्यातले क्लोनाझेपाम दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवले तर फिटही येऊ शकते. अशा जोडगोळीत कोणते औषध किती काळासाठी आहे, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग न घेतलेली बरी. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण अमेरिकेतही २००४ च्या इशाऱ्यानंतर तरुणांना ही औषधे लिहून देण्याचे प्रमाण घसरले आणि भीतीपायी उपचारच टळले की काय, अशी चिंता संशोधकांनी व्यक्त केली. आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा तपासलेली सर्व २१ औषधे दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने माफक होता, पण तो होता. दुसरीकडे बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, ज्यात तमिळनाडूही होते, नैराश्य आणि चिंतेसारख्या आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले. सौम्य उदासीत बोलून केलेले उपचार आधी करून पाहावेत, हे मला मान्य आहे. मध्यम आणि तीव्र नैराश्यात मात्र गोळी नाकारणे हाही एक धोका आहे, आणि त्याचा इशारा कोणत्याही पाकिटावर छापलेला नसतो.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. घरच्यांनी लक्ष ठेवायचे म्हणजे पाळत ठेवायची का? लक्ष ठेवण्याच्या नावाखाली आपण काय करू शकतो हे तमिळनाडूनेच पाहिले आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. मनोरुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली आहे. तेव्हा नजर ठेवायची ती त्या माणसाशी ठरवून. कुणाला सांगायचे, कोणती लक्षणे दिसली की कुणाला फोन करायचा, हे गोळी सुरू होण्याआधी त्याच्याशीच बोलून ठरले पाहिजे. मनात मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार रुजत नाहीत.

डॉक्टरांना वेळ नाही, हे खरेच आहे. लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही आपल्या देशात नाही. पण इथे लागणारे बरेचसे काम तज्ज्ञाचे नाही. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, तमिळमध्ये आणि मराठीतही. औषधाचा विपरीत परिणाम झाल्यास रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ वर कळवू शकतो. नैराश्यावरची औषधे कायद्याने शेड्यूल एच मध्ये मोडतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि चिठ्ठी दाखवताना दुकानात एक क्षण मिळतोच. औषधविक्रेत्याने तेवढ्यात विचारावे: आणखी काय काय घेता, आणि डॉक्टरांनी पुन्हा कधी बोलावले आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पुढची स्ट्रिप देण्याआधी त्याने डॉक्टरांना फोन लावावा.