बांबू उडी : छपराखालची आणि उघड्यावरची

पावसाळ्यात काठी रोवून आपण ओढा ओलांडतो. बांबू उडी हा खेळ तसाच. फक्त इथे पलीकडे नाही, उंच जायचे.

आपल्या मुळशीच्या कडेला म्हाळुंगे-बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे. तिथले मोठे मैदान उघडे आहे. थंड मुलखात हिवाळ्यात बर्फ पडते. म्हणून तिकडे छपराखालीही सामने भरतात.

त्यामुळे विक्रमांच्या दोन वह्या झाल्या. एक उघड्यावरची, एक छपराखालची. पण जागतिक विक्रम म्हणायचा तो उघड्यावरचाच!

युक्रेनच्या सर्गेई बुब्काने 1993 साली डोनेत्स्क शहरात छपराखाली 6.15 मीटर उडी मारली. म्हणजे वीस फुटांच्या वर. 1994 साली इटलीत उघड्यावर त्याने 6.14 मीटर मारली. उडी कमी, तरी जागतिक विक्रम तोच धरला. आम्हांला हे काही पटत नाही. माणूस तोच, बांबूही तसाच. शिवाय बाहेर वारा पाठीवर आला तर मदतच होते. लांब उडीत असा जोराचा वारा असला तर विक्रम धरत नाहीत. बांबू उडीत तशी अट नाही.

अखेर 2000 साली नियम बदलला. छप्पर असो वा नसो, उंच उडी तीच खरी. पण जुन्या उड्यांना तो लागू झाला नाही. बुब्काची 6.15 जुन्या वहीतच राहिली.

पुढे 2014 साली फ्रान्सच्या रेनो लाव्हिलनीने त्याच डोनेत्स्कमध्ये, छपराखालीच, 6.16 मीटर उडी मारली. ती मात्र थेट जागतिक विक्रम ठरली. बुब्का तिथे हजर होता.