टीव्हीसमोरून उठवणारा खेळ

आपल्यापैकी काही जणांचे आई-वडील आता इथे ब्रिटनमध्येच केअर होममध्ये राहतात, तर काहींचे आठवड्यातून एक-दोन दिवस डे सेंटरला जातात. भेटायला गेलं की बऱ्याचदा दिसतं ते असं: भिंतीला लागून खुर्च्या आणि समोर चालू टीव्ही. याच टीव्हीचा व्यायामासाठी उपयोग कसा करता येईल, ते आज बघू या.

२००६ साली निन्टेंडो कंपनीने ‘वी’ नावाचा गेम कन्सोल आणला. त्याचा रिमोट हातात धरून हात हलवला की आतला सेन्सर ती हालचाल टिपतो आणि पडद्यावरचा खेळाडू तशीच हालचाल करतो. मुलांसाठी घेतलेला हा खेळ बघता बघता केअर होममध्ये पोचला. तिथे विशेष रमले ते बोलिंगमध्ये. क्रिकेटमधलं नव्हे हं, चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडायच्या, ते! ‘वी’ आता बनत नाही, पण त्याच कंपनीच्या स्विच या कन्सोलवर २०२२ साली आलेल्या ‘स्विच स्पोर्ट्स’मध्येही बोलिंग आहे.

आता तुम्ही म्हणाल, हात हलवण्यात कसला आलाय व्यायाम? शंका बरोबर आहे. नुसतं बसून खेळलं तर खांदे मोकळे होतात, चार माणसांत वेळ छान जातो, पण पायांना फारसं काम मिळत नाही. आणि उतारवयात खरी काळजी असते ती पायांची. एकदा पडलं की पुन्हा पडण्याची भीती बसते. भीतीने उठणं कमी होतं. उठणं कमी झालं की मांड्यांतली ताकद जाते आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. घरी राहणाऱ्या ६५ वर्षांवरच्या दर तिघांपैकी साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असं एनएचएस सांगते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना या वयात आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करायला सांगते.

बोलिंगच्या एका डावात प्रत्येकाच्या दहा पाळ्या असतात. दर पाळीला आई खुर्चीतून उठली, चेंडू टाकला आणि सावकाश बसली, तर एका डावात दहा वेळा उठणं-बसणं होतं. फिजिओथेरपिस्ट हाच व्यायाम सांगतात, पण नुसतं ‘दहा वेळा उठा’ म्हटलं की कंटाळा येतो. खेळात लक्ष असतं पिनांकडे. चौघं आळीपाळीने खेळले तर मधे विश्रांतीही मिळते. ज्यांना उभं राहता येत नाही, त्यांनी खुशाल बसून खेळावं. मात्र हा खेळ म्हणजे चालण्याला किंवा फिजिओथेरपीला पर्याय नव्हे.

काही गोष्टी सांभाळा. उभं राहून खेळण्याआधी फिजिओथेरपिस्टना किंवा जीपींना विचारा. पेसमेकर असेल किंवा फिट्स येत असतील, तर विचारल्याशिवाय सुरुवातच करू नका. खुर्ची हातांची आणि न सरकणारी हवी, व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावलेला हवा. पायांत सपाता नकोत, घट्ट बसणारे बूट हवेत. रिमोटचा पट्टा मनगटात अडकवा. उठल्यावर क्षणभर थांबून मगच हात फिरवायचा. चक्कर आली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर खेळ तिथेच थांबवा. आणि पहिल्या दिवसापासून शेजारी एक माणूस उभा हवाच.

त्या माणसाला मराठी येत नसेल, तर आपलं एक काम वाढतं. डिमेन्शियात मागाहून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी हातची जाते. इंग्रजीतली सूचना आईला कळली नाही, तर ‘त्यांना खेळायचं नाही’ असा समज होतो आणि आई खुर्चीतच राहते. म्हणून एका कार्डावर ‘उठा’, ‘थांबा’, ‘टाका’, ‘सावकाश बसा’ हे चार शब्द इंग्रजी अक्षरांत मोठे लिहून द्या आणि त्यांचा उच्चारही शिकवा. एका वेळी एकच सूचना द्यायला सांगा.

पुढच्या भेटीत केअर होममध्ये तीन गोष्टी विचारा. असा एखादा संच कपाटात धूळ खात पडला आहे का? खेळताना शेजारी कोण उभं राहील? आईच्या केअर प्लॅनमध्ये उठण्या-बसण्याबद्दल काय लिहिलं आहे? उत्तरं समाधानकारक असतील, तर पहिला डाव तुम्हीच तिच्याबरोबर खेळा. नातवंडांनाही न्या. आजीने हरवलं तर त्यांना घरी जाईपर्यंत बोलायला विषय मिळेल!