स्थिर की अद्ययावत? मुक्त संचालन प्रणालीची निवड

संगणकात निरनिराळी कामे करणाऱ्या आज्ञावल्या पुष्कळ असतात. परंतु त्या सर्वांना स्मृती, वेळ आणि साधने वाटून देणारी एक मूलभूत आज्ञावली प्रत्येक यंत्रात असावीच लागते. तिला संचालन प्रणाली, किंवा व्यवहारातल्या शब्दांत ऑपरेटिंग सिस्टिम, असे म्हणतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला, आणि अनेक शाळा, कचेऱ्या व घरे यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. यंत्र धडधाकट आहे, पण विंडोज ११ साठी लागणाऱ्या अटी ते पुऱ्या करीत नाही. मग ते भंगारात काढावयाचे काय? लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणाली हा अशा यंत्रांना मिळू शकणारा एक चांगला आसरा होय. त्या बहुधा विनामूल्य मिळतात, आणि त्यांचा मूळ आज्ञापाठ कोणासही पाहता व बदलता येतो.

परंतु ह्या वाटेवर पहिले पाऊल टाकताच दुसरा पेच पडतो. 'लिनक्स' नावाची एकच तयार वस्तू नाही; तिची अनेक वितरणे आहेत. त्यांपैकी काही 'स्थिर' म्हणवितात, तर काही 'अद्ययावत'. वरवर पाहता नवे ते चांगले असे कोणासही वाटेल. किंवा स्थिर ते निर्धोक, असेही वाटेल. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. त्या का अपुऱ्या आहेत हे नीट समजले, म्हणजे निवड पुष्कळच सोपी होते.

वितरण म्हणजे काय?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहून प्रसिद्ध केला. हा गाभा, ग्नूची साधने, पडद्यावरील खिडक्या आणि चिन्हे दाखविणारी व्यवस्था, छपाई, ध्वनी, न्याहाळक इत्यादी हजारो सुटे भाग जगभर निरनिराळ्या हातांनी तयार होत असतात. प्रत्येकाची गती वेगळी. एकट्या कर्नेलची नवी आवृत्ती दर ९ ते १० आठवड्यांनी निघते. हे सारे भाग गोळा करून, एकमेकांशी जुळवून, सर्वसामान्य माणसास बसविता येतील अशा रीतीने देणे हे वितरणाचे काम होय.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. नदीचे पाणी वाहत असते. ते वाहते असतानाच घागर भरावी, की तळ्यात साठवून, निवळू देऊन मग भरावी? पहिल्या रीतीत ताजेपणा आहे, दुसरीत गाळ खाली बसण्यास अवधी आहे. मुक्त प्रणालींची वितरणे ह्या दोन रीतींच्या मध्ये कोठे ना कोठे उभी असतात.

'स्थिर' शब्दाचा खरा अर्थ

इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले डेबियन हे वितरण निवळण्याच्या रीतीचे उत्तम उदाहरण आहे. डेबियनचे तीन विभाग आहेत. नवा भाग प्रथम 'अस्थिर' विभागात येतो. तेथे काही दिवस गंभीर दोष आढळला नाही, तर तो 'चाचणी' विभागात उतरतो. सुमारे दोन वर्षांनी चाचणी विभाग टप्प्याटप्प्याने गोठविला जातो. म्हणजे नवे भाग घेणे थांबवून केवळ दोष काढण्याचे काम चालते. हे काम पुरे झाले की तो विभाग 'स्थिर' म्हणून प्रसिद्ध होतो. डेबियनची १३ वी आवृत्ती अशा रीतीने मार्च २०२५ पासून गोठविली जाऊन ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ७०,००० पॅकेजे, म्हणजे बांधून ठेवलेले आज्ञावल्यांचे संच, आहेत.

तेव्हा येथे 'स्थिर' याचा अर्थ 'कधीही न बिघडणारे' असा नव्हे, तर 'न बदलणारे' असा आहे. आज जी कळ जेथे आहे ती पुढल्या वर्षीही तेथेच राहील, हे त्यातील आश्वासन होय.

मग सुरक्षिततेतील दोषांचे काय? येथे एक युक्ती योजतात. दोष काढण्यासाठी सबंध नवी आवृत्ती न घेता, नव्या आवृत्तीतील दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या आवृत्तीत बसवितात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल ह्या, महाजालावरील गुप्त संदेशवहन सांभाळणाऱ्या संचात 'हार्टब्लीड' नावाने गाजलेला दोष उघडकीस आला. मूळ कर्त्यांनी दुरुस्तीसाठी १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली. डेबियनच्या त्या वेळच्या स्थिर आवृत्तीतही तो दोष होता. परंतु डेबियनने आपली १.०.१ई हीच आवृत्ती कायम ठेवून तीत दुरुस्तीचे ठिगळ लावले. म्हणून स्थिर प्रणालीत एखाद्या आज्ञावलीचा क्रमांक जुना दिसला, एवढ्यावरून ती असुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मात्र ही ठिगळे लावणारे हात थांबले, की जुनेपणा खरोखरच धोक्याचा होतो. यास्तव आधार किती काळ मिळणार हा प्रश्न स्थिर प्रणालीच्या बाबतीत सर्वांत आधी विचारावयाचा असतो. डेबियनच्या आवृत्तीस साधारणतः ३ वर्षे पूर्ण आधार आणि त्यानंतर आणखी २ वर्षे मर्यादित आधार मिळतो. उबुंटू हे वितरण दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एक दीर्घ-आधार आवृत्ती काढते, आणि तिला ५ वर्षे सुरक्षिततेच्या दुरुस्त्या पुरविते.

वाहता प्रवाह आणि मधली वाट

दुसऱ्या टोकास 'वाहती' वितरणे आहेत. त्यांत आवृत्तीला क्रमांकच नसतो. एकदा बसविलेली प्रणाली रोज थोडीथोडी नवी होत राहते. २००२ मध्ये सुरू झालेले आर्च लिनक्स हे असे वितरण होय. अद्ययावत करण्यापूर्वी वितरणाच्या सूचना वाचाव्यात, आणि काही भाग नवे व काही जुने अशी सरमिसळ करू नये, अशी तेथे वापरणाऱ्याकडून अपेक्षा असते. ओपनसुसेचे टम्बलवीड हेही वाहते वितरणच. परंतु त्याची प्रत्येक नवी प्रत स्वयंचलित तपासणीतून जाते, आणि बदलानंतर काही बिघडले तर प्रणालीस मागील अवस्थेत परत नेण्याची सोय असते.

ह्या दोहोंच्या मध्ये फेडोरासारखी वितरणे येतात. फेडोराची नवी आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी निघते आणि प्रत्येकीस सुमारे १३ महिने आधार मिळतो. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना तर ९ महिनेच आधार असतो. अशी प्रणाली घेणाऱ्याने निदान वर्षातून एकदा मोठा बदल करण्याची तयारी ठेवली पाहिजे.

धोका दोन्हीकडे

ताज्या प्रवाहातील धोका कोणता, हे २९ मार्च २०२४ रोजी साऱ्या जगास दिसले. एक्सझेड नावाच्या, माहिती दाबून लहान करणाऱ्या साध्यासुध्या संचाच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या नव्या आवृत्त्यांत कोणीतरी बुद्धिपुरस्सर चोरवाट ठेवली होती. दुरून संगणकात प्रवेश देणाऱ्या व्यवस्थेस पोखरण्याचा तिचा हेतू होता. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास प्रवेशासाठी सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्याने माग काढला आणि कट उघडकीस आला. तोवर ह्या आवृत्त्या डेबियनच्या अस्थिर व चाचणी विभागांत, आर्चमध्ये आणि टम्बलवीडमध्ये पोहोचल्या होत्या. डेबियनची स्थिर आवृत्ती मात्र त्यापासून मुक्त राहिली. विष तळ्यात उतरण्यापूर्वीच नदीत ओळखले गेले.

परंतु ह्यावरून नदी वाईट असे ठरत नाही. फ्रॉइंड स्वतः डेबियनचा अस्थिर विभाग वापरीत होते, म्हणूनच दोष सापडला. कोणी तरी नवे आधी वापरून पाहतो, तेव्हाच दुसऱ्यास निवळलेले मिळते. स्थिर प्रणाली वापरणारा हा अद्ययावत प्रणाली वापरणाऱ्याचा ऋणी असतो.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. ओपनएसएसएलच्या डेबियन-प्रतीत २००६ मध्ये डेबियनकडूनच एक बदल करण्यात आला. मूळ संचात नसलेला दोष त्यामुळे निर्माण झाला. गुप्त किल्ली तयार करताना जी अनपेक्षितता लागते ती जवळजवळ नाहीशी होऊन, एका प्रकारच्या किल्लीसाठी केवळ सुमारे ३२,००० शक्यता उरल्या. म्हणजे कुलूप भक्कम, पण किल्ल्या मोजक्याच! हा बदल एप्रिल २००७ च्या स्थिर आवृत्तीत गेला आणि १३ मे २००८ रोजी उघड झाला. तोवर तयार झालेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. निवळण्यासाठी ठेवलेल्या पाण्यातही राखणदाराच्याच हातून काही पडू शकते, हा त्याचा बोध होय.

निवड कशी करावी?

तेव्हा 'अधिक चांगले कोणते?' हा प्रश्नच बाजूस ठेवून 'बिघडले तर दुरुस्त कोण करणार, आणि तोवर कोणते काम अडून राहणार?' असा प्रश्न विचारावा.

केरळ राज्यातील शाळांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी मुक्त प्रणाली तयार करते. 'काइट ग्नू/लिनक्स २२.०४' ही तिची आवृत्ती उबुंटूच्या एप्रिल २०२२ मधील दीर्घ-आधार आवृत्तीवर आधारलेली आहे. पाठ्यपुस्तकातील चित्र आणि पडद्यावरील चित्र एकच असावे, शिक्षकाने शिकविलेली कृती परीक्षेच्या दिवशीही तशीच चालावी, ही शाळेची गरज असते. एका रात्रीत कळांच्या जागा बदलल्या तर वर्गातील सर्वच मुले खोळंबतील. अशा ठिकाणी नवेपणा हा गुण नसून अडथळा आहे. भारतात सी-डॅक संस्थेने तयार केलेली बॉस ही प्रणालीही डेबियनवरच उभारलेली आहे. कचेरी, ग्रंथालय, दवाखाना, तसेच घरातील वडीलधाऱ्यांचा संगणक ह्यांस हाच न्याय लागू पडतो. जुन्या यंत्रासही स्थिर प्रणाली मानवते, कारण त्याचे भाग तिला बहुधा आधीच परिचित असतात.

नुकत्याच बाजारात आलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्यातील चित्रदर्शक किंवा बिनतारी जोडणीचा भाग इतका नवा असू शकतो, की दोन वर्षांपूर्वीच्या कर्नेलला त्याची ओळखच नसते. तेथे स्थिर प्रणाली बसविली, तर पडदा अंधारात राहील किंवा जोडणी मिळणार नाही. आज्ञावल्या लिहिणाऱ्यासही नव्या साधनांची गरज पडते. ज्यास बिघाड शोधण्याची आवड व सवड आहे, त्याने वाहते वितरण अवश्य घ्यावे. त्याच्या तक्रारींतूनच पुढील स्थिर आवृत्ती घडत असते.

शिवाय दोन्ही रीतींचा मेळ घालणेही शक्य आहे. पाया स्थिर ठेवून त्यावर थोडे नवे घेता येते. डेबियनच्या 'बॅकपोर्ट' भांडारात नवे कर्नेल व काही नव्या आज्ञावल्या स्थिर आवृत्तीसाठी बांधून ठेवलेल्या असतात. 'फ्लॅटपॅक' ह्या पद्धतीत आज्ञावली आपल्याला लागणारे बहुतेक भाग बरोबर घेऊन येते, त्यामुळे पायाला धक्का न लावता तिची ताजी आवृत्ती चालविता येते. त्यासाठी तबकडीवर जागा मात्र अधिक लागते. पुष्कळांची गरज एवढ्यानेच भागते.

निर्णय कोणताही असो, तीन गोष्टी टाळू नयेत. आधार कोणत्या तारखेस संपतो ती तारीख लिहून ठेवावी. बसविण्यापूर्वी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून ध्वनी, जोडणी, छपाई आणि देवनागरी टंकलेखन ठीक चालते की नाही ते पाहावे. आणि आपल्या कागदपत्रांची दुसरी प्रत संगणकाबाहेर ठेवावी. प्रणाली विनामूल्य पुन्हा मिळते. हरवलेले हिशेब, पत्रे आणि छायाचित्रे मिळत नाहीत.